शेवटची बाई वर येईपर्यंत

तुम्ही देवाचं ऐकता म्हणता ना? मग एक सांगा. देवाचं म्हणून शेवटचं जे ऐकलंत, त्यानं तुमच्या ताटातला एक तरी घास कमी झाला का?

लगेच उत्तर देऊ नका. देव कुठला ते विचारत नाही, घास विचारतोय.

भोरजवळ, उत्रोलीच्या अलीकडं एक वस्ती आहे. तिथल्या जाईबाईला हा प्रश्न कुणी केला असता तर तिनं मान हलवली असती, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे विचारणाऱ्याला कळलं नसतं. दोन-अडीच वर्षं तिची मान तशीच हलत होती.

तिला एकुलती एक लेक होती, माधुरी. विंझरच्या बाजूला दिलेली. पहिल्या बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुण्याला न्यायला गाडी केली, ती नसरापूर यायच्या आत सगळं आटोपलं. बाळही गेलं. जाईबाई रडली नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. बायका पदराआडून म्हणाल्या, काळीज आहे का धोंडा. धोंडा नव्हता हो. पाय मुडपून फार वेळ बसलं की तो पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी शेजारच्याला काढल्यासारखा लागतो. तिचं सगळंच तसं झालं होतं. शेण काढायची, भाकऱ्या थापायची. कालवणात मीठ घातलं की नाही, ते आठवायचं नाही. एक दिवस अळणी, एक दिवस खारट. नवरा मानसिंग टेम्पो चालवायचा. तो समोर येईल ते गप खायचा आणि उठायचा.

मग भाचीनं तिला प्रार्थनेला नेलं.

झालं, तुमच्या भुवया वर गेल्या. बाटली का? काय दिलं तिला? काही दिलं नाही. चहा दिला, तोही कोरा. तिचं नाव बदललं नाही, घरातले देव हलले नाहीत. फक्त ते देव धुवायचं काम मानसिंगकडं गेलं आणि त्यानं ते कुरकुर न करता घेतलं. आता पुढचं ऐका.

उत्रोलीत रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड होतं. तिथं दर रविवारी उपासना व्हायची. भोरहून दुकानदार, नोकरदार गाड्या काढून यायचे, वाड्यावस्त्यांवरचे चालत यायचे. पास्टर स्वरूप मराठवाड्याकडचा तरुण माणूस. गळा गोड, शर्टाला इस्त्री, मनानं वाईट नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं सगळं त्याच्या डोक्यावर टाकून तुम्ही मोकळे व्हाल.

पहिल्याच दिवशी जाईबाईनं त्याला विचारलं, "माजी पोर का गेली?"

तो म्हणाला, "मावशी, ते मला माहीत नाही. विश्वास ठेवा. आज्ञा पाळा. बाकी त्याच्यावर सोडा."

जाईबाईनं त्यातलं मधलं तेवढं उचललं. विश्वास ठेवायचा तर आत काहीतरी हलावं लागतं, आणि तिच्या आत काही हलत नव्हतं. आज्ञेला नुसते हातपाय पुरतात. तेवढे तिच्याकडं होते.

मग तिनं आज्ञा पाळायचा सपाटाच लावला. रविवारी मातीत हात घालायचा नाही, असं स्वरूप म्हणाला. तिनं भातलावणीच्या दिवसांतही रविवारी शेताकडं पाठ केली. उपास कर म्हणाला, केला. तसंही तिला भूक लागत नव्हतीच. सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालायच्या, सगळ्यांच्या मागं झाडून जायचं. कुणी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की हटकून म्हणायचं, "विश्वास बघायचा तर जाईबाईंचा बघा." ती खाली सतरंजीच्या पट्ट्यांकडं बघत बसायची. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

उपासनेनंतर जेवण असायचं. प्रीतिभोजन म्हणायचे त्याला. भात, भाजी, कधी गोड. रस्त्यानं जाणारे-येणारे फुकटचं म्हणून पंगतीत घुसायला लागले, तेव्हा स्वरूपनं जाहीर केलं, "जेवण एक वाजता. दोनला भांडी उठली पाहिजेत. वेळ पाळणं हीसुद्धा आज्ञाच आहे." आणि वाढायचा डाव जाईबाईच्या हातात दिला. त्याहून खात्रीचा हात मंडळीत दुसरा कुठला होता?

त्या पावसाळ्यात स्वरूप पहिल्या मंडळ्यांच्या गोष्टी सांगत होता. ख्रिस्त जाऊन थोडीच वर्षं झालेली, देऊळ नाही, घंटा नाही. लोक कुणाच्या तरी घरी जमायचे आणि मिळून भाकर खायचे. असंच एक बंदराचं गाव होतं. तिथली खातीपिती माणसं लवकर यायची, आणलेलं खाऊन-पिऊन घ्यायची. हमाल आणि दास दिवसभर राबून तिन्हीसांजेला पोचायचे, तोवर भांडी चाटूनपुसून साफ. एक उपाशी, दुसरा झिंगलेला, आणि दोघं एकाच प्रभूचं नाव घेणारे. हे ती मंडळी उभारणाऱ्या प्रेषिताच्या कानावर गेलं. त्यानं निरोप धाडून त्यांची चांगली हजेरी घेतली. हे जेवण प्रभूचं नव्हे, तुमच्या पोटाचं आहे. थांबत जा एकमेकांसाठी. "विश्वास हातांतून दिसला नाही," स्वरूप म्हणाला, "तर तो श्वास गेलेल्या अंगासारखा. आणि जो स्वतःपुरतंच बघतो, तो आज्ञा पाळत असला तरी स्वतःचीच पाळतो."

"काय माणसं म्हणायची," पहिल्या रांगेतला गोरख म्हणाला. भोरात त्याचं हार्डवेअरचं दुकान. "लाज न्हाई का काय."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या गावाच्या नावानं च्यक् च्यक् झालं. मग एक वाजला आणि पंगत बसली.

दोन वाजून गेल्यावर भिमा आली.

भिमा नदीकडच्या झोपड्यांतली. नवरा पुण्याला बांधकामावर, तो गणपतीला उगवणार. ती पोटुशी, चांगलं दिसायला लागलेलं. रोजानं लावणीला जायची. रविवार-सोमवार करायला तिच्याकडं काय स्वतःचं भाताचं खाचर होतं? जी हाक मारील तिच्या शेतात वाकायचं. सुटल्यावर तशीच शेडात यायची, मागं बसून एखादं गाणं म्हणायची. आज गाणीही संपली होती. गुडघ्यापर्यंतचा चिखल अर्धामुर्धा धुतलेला.

"जाईमावशे, हाय का काय उरलंसुरलं?"

पातेल्यात भात होता. दोघांना पुरला असता. जाईबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"टाइम झाला."

"व्हय, पाय धुवाया थांबले."

"पास्टरांनी सांगितलंय."

भिमा हसली. "मग पास्टरांना म्हणावं, भाताला बी सांगा की टाइमात लावून घे म्हणून."

भिमानं माठातलं पाणी घेतलं, एक तांब्या, मग दुसरा. तोंड पुसलं आणि गेली. जाईबाईनं भात बादलीत काढला, शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीपुढं ओतला आणि पातेलं घासून पालथं घातलं. म्हशीनं भात खाल्ला. जाईबाई बघत उभी होती. तिला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. आज्ञा पाळून झाली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाळाबाईच्या खाचरात सावड होती.

सावड म्हणजे आज तुझ्यात, उद्या माझ्यात. वस्तीतल्या बायका एकमेकींची लावणी मिळून उरकतात. पैशाचा व्यवहार नाही, कोण किती वाकली याचा हिशेब नाही. बाळाबाई सगळ्यांत म्हातारी, जिभेनं विळा. पाऊस बारीक लागून होता. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, हातात इंद्रायणी भाताची रोपं, आणि बायका एका रांगेत मागं मागं सरकत होत्या. दुपारी बाळाबाईनं हाक दिली. बायका बांधावर चढल्या, हात धुतले, फडकी मांडीवर घेऊन बसल्या. जाईबाईला हाक ऐकूच गेली नाही. ती लावत राहिली.

"अगं ए जाई! ऐकू येतंय का?"

"प्रभूला फोन लावा," दुसरी म्हणाली, "तिचा नंबर तिकडंच लागतोय."

"लाव की तूच. तुजा तर सासूशी बी लागंना."

बायका हसल्या. त्या हसण्यानं जाईबाईनं मान वर केली. बांधावर सगळ्या ओळीनं बसलेल्या. फडक्यांच्या गाठी तशाच. एकीनंही सोडलेली नव्हती.

ती पाय ओढत बांधाकडं आली. "तुमी खाल्लं का न्हाई अजून?"

बाळाबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिनं चूल कशानं पेटवतात ते विचारलं. "एक बाई चिखलात आन् वरच्यांनी खायाचं? माज्या सासूच्या सासूनं खाल्लं न्हाई. तू काय आज आलीस व्हय हितं?" मग तिची नजर खाली गेली. "आन् ते पायाला काय लोंबतंय गं तुज्या?"

खेकडा होता. अंगठ्याला धरून बसलेला. रक्त चिखलात मिसळत होतं. जाईबाईनं तो काढला आणि बाजूला टाकला. दुखलं नाही. ती पायाकडं बघत राहिली.

बायकांनी गाठी सोडल्या. जाईबाईनंही सोडली. शेवटची बाई वर येईपर्यंत घास मोडायचा नाही, ही रीत तिला ठाऊक होती. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून ठाऊक होती. काल दुपारी मात्र तिनं पातेलं पालथं घातलं होतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, माधुरीची पाठवणी करताना, जीपच्या दारात उभं राहून तिनं लेकीला सांगितलं होतं, "समद्यांचं झाल्याव बस. उरलं तर खा, न्हाई तर पानी पी. पन तोंड उघडू नगंस." माधुरी गुणाची पोर. तिनं ऐकलं. दुपारी तीनला फोन केला, चारला केला, तरी "जेवलीस का गं?" ला उत्तर ठरलेलं असायचं.

"बसते आता."

हेच उत्तर पोटुशी असतानाही होतं. आणि जाईबाई फोन ठेवताना खूश व्हायची, की लेक शिकवल्याप्रमाणं वागते.

बायकांनी बायकांसाठी शेतात एवढी चांगली रीत केली. पण घरात शिरताना चिखलाच्या चपलांबरोबर तीही उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात. तिथं बाईसाठी कुणी थांबत नाही. बाईच म्हणते, नका थांबू. आणि ह्याला आपण संस्कार म्हणतो.

जाईबाई तेव्हाही रडली नाही. भाकरी चावली, गिळली, उठली आणि पुन्हा चिखलात उतरली.

पुढच्या रविवारी एक वाजला, पंगत बसली, पत्रावळ्या पडल्या. जाईबाई पातेल्यापाशी झाकणावर हात ठेवून बसली होती.

"वाढा की, मावशी," गोरख म्हणाला.

"मानूस यायचंय."

"कोन?"

"भिमा."

गोरखनं बायकोकडं बघितलं. "ती येनार दोन-अडीचला. मला शुगर हाय, गोळी घेऊन बसलोय. म्या काय करायचं?"

"बिस्कीट खा," मंगल म्हणाली. ती गोरखची बायको, आजचा स्वयंपाक तिचा होता.

कुजबुज सुरू झाली. स्वरूप आला. खाली वाकून हळूच म्हणाला, "मावशी, वाढायला घ्या. वेळ ठरलेली आहे. तुम्हीच असं केलंत तर बाकीच्यांनी काय शिकायचं?"

"तुमी सांगितल्याली समदी आज्ञा पाळली म्या," जाईबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाण्याची मोटर बंद पडली असं सांगावं, तसा आवाज. "गेल्या रविवारी पोटुशी बाई मागं फिरवली. भात म्हशीला घातला. माजी लेक बी अशीच लई ऐकायची. मी आता ह्यो हात काढायची न्हाई. तुमी वढून घ्या पायजे तर."

पातेलं ओढून घ्यायला कुणी पुढं झालं नाही. स्वरूप तसाच वाकलेला होता.

मंगल गोरखला म्हणाली, आणि हळू म्हणाली तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अवो, ते बंदराचं गाव सांगितलं न्हवतं का? मला वाटलं लांब कुठं आसंल."

स्वरूप सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. जे त्यानं आठ दिवसांपूर्वी इतकं छान सांगितलं, ते सांगून झाल्यावर तो स्वतः पहिल्या पंगतीला बसला होता. त्यानं विचारलं, "भिमाताई आज कुठल्या शेतावर आहेत?"

कुणालाच माहीत नव्हतं. एकमेकांना भाऊ-बहीण म्हणणाऱ्या भरल्या शेडात एकालाही नाही. जाईबाईला माहीत होतं, कारण येताना तिनं बांधावरून भिमाला वाकलेलं बघितलं होतं, आणि आज्ञेप्रमाणं वेळेवर पोचायचं म्हणून हाक न मारता ती पुढं आली होती.

स्वरूपनं गाडीची चावी घेतली. जाईबाई मागं बसली. जाताना मंगलला म्हणाली, "झाकन काढू नगंस." मंगल पातेल्याशेजारी मांडी घालून बसली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

खाचरात भिमा आणि अजून दोघी होत्या. जाईबाईला बघून भिमानं कमरेवर हात ठेवला. "काय मावशे, टाइम सांगाया आलीस?"

"जेवाया चल."

"आज झाला न्हाई व्हय टाइम?"

"झालाय. कुनी जेवलं न्हाई. तुज्यासाठी थांबल्यात."

भिमाचं हसू गेलं. ती खाली बघत म्हणाली, "एवढं खाचर लावल्याबिगर मालक सोडत न्हाई. तुमी जावा, जेवा."

नका थांबू. जेवा. जाईबाईला हे शब्द ओळखीचे होते. तिनं चपला काढल्या, लुगड्याचा काचा मारला आणि चिखलात उतरली.

"मावशी," बांधावरून स्वरूप म्हणाला, "आज रविवार आहे."

"व्हय," जाईबाई म्हणाली आणि रोपाची मूठ सोडली.

तो बराच वेळ उभा राहिला. मग बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले, पँट वर दुमडली. लावणी त्याला येत नव्हती, म्हणून बायकांकडं रोपांच्या मुठी फेकायला लागला. पहिलीच मूठ भिमाच्या पाठीवर बसली.

"पास्टर, बाईच्या हातापाशी टाकायची असती. डोसक्यात न्हाई."

"सॉरी, ताई."

"सॉरी नगं, मूठ द्या."

खाचर उरकलं तेव्हा साडेतीन झाले असतील. भिमासोबत त्या दोघीही आल्या. शेडात निम्मी माणसं राहिली होती. काही चिडून गेली होती, काही नुसतीच गेली होती. गोरख गेला नव्हता. त्याच्यापुढं बिस्किटांचे दोन रिकामे पुडे पडले होते. मंगल पातेल्यापाशी तशीच. भात गार पडून घट्ट झाला होता, डावानं फोडून वाढावा लागला. पहिलं पान भिमाचं. ती खाली मान घालून खात होती, भरभर, आणि कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. सगळ्यांत शेवटी जाईबाई बसली. बसली म्हणजे, मंगलनं हाताला धरून बसवली, आणि ती बसेपर्यंत स्वरूपनं स्वतःचा घास उचलला नाही.

जाईबाईनं भाजी तोंडात घातली. चावली. थांबली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"व्हय बया," मंगल म्हणाली. "घाईत ऱ्हायलं."

जाईबाईनं मिठाची वाटी ओढली आणि चिमूटभर घेतलं. बास, एवढंच झालं. तिला रडू आलं नाही, आकाशातून काही उतरलं नाही. अंगठ्यावरची खेकड्याची जखम चिखलानं चरचरत होती, आणि जेवताना मधेच तिनं तो पाय दुसऱ्या पायाखाली घेतला.

नंतर बरीच मंडळी फुटली. रविवारी चिखलात उतरणारा पास्टर त्यांना नको होता. गोरख टिकला. कुरकुरत टिकला, डब्यात दोन पोळ्या आणायला लागला. भिमा भोरात बाळंत झाली, पोरगी झाली, दोघी धडधाकट. आणि त्या शेडात घड्याळ अजून आहे, फक्त जेवण त्याच्यावर चालत नाही. जाईबाईला विश्वास आला का? ते तिला विचारा, आणि विचारायला जाणार असाल तर लावणीच्या दिवसांत जा, म्हणजे हाताला काम मिळेल.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. आज घरात ताटं मांडली जातील. तव्यापाशी, ओट्यापाशी एक बाई उभी असेल. तुम्ही म्हणाल, चल जेवायला. ती म्हणेल, तुम्ही घ्या, बसते आता. त्या वेळी हात ताटातून मागं घ्या. ती येऊन शेजारी बसेपर्यंत घास मोडू नका.